चालत्या मशीनची वाटणी

आमच्या घराण्यात वाटणी म्हटली की आधी कुणाचं तरी रक्त निघतं आणि मग कागदावर सह्या होतात. आजोबांच्या वेळेस एक शिसवी पलंग होता. तो कुणालाच सोडवेना, म्हणून मधोमध करवतीनं कापला. दोन-दोन पायांचे दोन तुकडे दोन घरांत भिंतीला टेकून उभे राहिले, त्यावर झोपलं कुणीच नाही. कापता कापता शब्दाला शब्द वाढला आणि माझ्या चुलत्यानं वडिलांवर विळा टाकला. कानाची पाळी गेली. अंगण धुवायचं काम माझ्याकडे आलं, मी तेव्हा परकरी पोर होते. लाकडाचा भुसा रक्त पितो आणि फुगतो, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढं जे सांगायचंय ते एका कॉम्प्युटरचं आहे, आणि लोकांना उगाच वाटतं की कॉम्प्युटरच्या खोलीत रक्त सांडत नाही.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. लग्न करून येवल्याला दिलं. नवऱ्याचा हात चालायचा. हातात जे असेल त्यासकट चालायचा, पट्टा काय, उलथणं काय, एकदा तर मागावरचा धोटा फेकून मारला. शेवटी उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांना मी सांगितलं की न्हाणीत पाय घसरला. त्यांना कळलं असणार, पण त्यांनी प्लास्टर घातलं आणि मी सांगितलं तेच लिहिलं. प्लास्टर निघायच्या आत मी एक पिशवी घेतली आणि येवल्याहून एसटीनं माहेरी आले. मनगट जुळलं, पण त्यात जोर काही परत आला नाही. हे मनगटाचं लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

माझ्या भावाचं पिंपळगावला हायवेला लागून पॅकहाऊस होतं. द्राक्षं यायची, निवडून भरायची, थंड खोल्यांत ठेवायची, मग कंटेनर लागायचे. भावानं मला मागची एक खोली दिली. त्या खोलीत मी चूल मांडली नाही, भिंतीत खिळा ठोकला नाही. जे काही ठेवलं ते दोन हातांनी उचललं की निघता येईल असं. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्ही स्टँडवर बसल्यासारख्या राहता. गाडी कधी येणार तुमची?" मी हसायचे. मार खाल्लेल्या बाईला दाराजवळची जागा आवडते, एवढंच.

भावानं मला ऑफिसात पावत्या लिहायला बसवलं. मग कॉम्प्युटर आला. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून ठेवून इंग्रजी वाचत शिकले. एक शब्द अडला की डिक्शनरी, डिक्शनरी अडली की फोनवरचे व्हिडिओ. कुणी गोणपाटावर भरतकाम करतं, मी हे करत बसले. मला आवडलं ते. मशीन चिडत नाही. चुकलं तर सांगतं की चुकलं, आणि थांबतं. अंगावर येत नाही.

थोरला भाचा मुंबईहून एक जुना सर्व्हर घेऊन आला, कुठल्याशा मोठ्या ऑफिसनं काढून टाकलेला. आम्ही सगळे त्याला मशीनच म्हणायचो. लहान फ्रीजएवढं धूड, आणि आवाज असा की जणू पिठाची गिरणी लागलीय. पण त्याची खुबी अशी की त्यात सगळं जोडीनं होतं. वीज घेणारे डबे दोन, डिस्कची जोडी, मेमरीचे बोर्ड दोन, प्रोसेसर दोन. आणि यातलं बरंचसं मशीन चालू असताना बदलता यायचं, बंद न करता. ज्या ऑफिसातून ते आलं तिथं म्हणे ते कधी बंद करायचंच नसायचं. आमच्याकडेही सीझनमध्ये तसंच. कुठल्या खोलीला किती थंडी, कुठला कॉम्प्रेसर कधी लावायचा आणि कधी सोडायचा, सगळं त्याच्यावर.

पण चालू असताना काढता येतं म्हणजे हात घालून उपसता येतं असं नाही. हे मी ठेच खाऊन शिकले. एकदा मेमरीचा दुसरा बोर्ड खराब व्हायला लागला. त्या बोर्डावर मशीनची कामं मांडलेली असतात, आपण ओट्यावर भांडी मांडतो तशी. बोर्ड तसाच ओढला तर मांडलेलं सगळं जागच्या जागी मरतं आणि मशीनही मरतं. म्हणून आधी आतल्या सिस्टीमला सांगायचं की बाई, ही बाजू रिकामी कर. मग ती एक एक काम उचलून दुसऱ्या बोर्डावर नेते, आणि जागा मोकळी झाली की कळवते. मी सांगितलं, तिनं बरंचसं नेलं, आणि शेवटी अडली. जागा सोडायलाच तयार नाही. वाचत बसले तेव्हा समजलं की सिस्टीमनं स्वतःचं बूडच तिथं टेकवलेलं होतं. आणि सिस्टीम बाकी सगळ्यांना हलवते, पण स्वतःला उचलून दुसरीकडे ठेवणं तिला जमत नाही. शेवटी सीझन संपेपर्यंत जीव मुठीत धरून वाट पाहिली आणि मशीन बंद करून बोर्ड बदलला.

तेव्हाच मी एक ओळ लिहून ठेवली. मशीन सुरू होताना सिस्टीम जे पहिल्यांदा वाचते, त्यात. त्या ओळीचा अर्थ असा, की हा दुसरा बोर्ड पाहुण्यांचा. इथं तू स्वतःचं काही मांडायचं नाही. जे उचलून नेता येईल तेच इथं ठेवायचं. लिहिताना मला माझी खोली आठवली, खोटं कशाला सांगू.

आता भाच्यांचं. दोघंही माझ्या हाताखाली वाढले. थोरला आतल्या गाठीचा, राग साठवणारा. धाकटा भडक, जिभेवर काही न ठेवणारा. लहानपणी थोरल्यानं धाकट्याचा पुढचा दात पाडला होता आणि धाकट्यानं थोरल्याच्या मांडीत कंपासचं टोक घुसवलं होतं. एकाला एका बगलेत, दुसऱ्याला दुसऱ्या बगलेत धरून मी दोघांना हळद लावलेली आहे. भाऊ होता तोवर त्याच्या एका खाकरण्यावर दोघं गप्प व्हायचे. भाऊ गेला आणि वर्ष सरायच्या आत दोघांनी पॅकहाऊसच्या अंगणात एकमेकांच्या कॉलरी फाडल्या. मजूर बायका द्राक्षं सोडून बघत उभ्या. थोरल्यानं धाकट्याचं तोंड वजनकाट्यावर आपटलं, तेव्हा काट्यावर आकडा उमटला आणि एक बाई फिस्सकन हसली. त्या हसण्यानं धाकट्याला जेवढं लागलं तेवढं आपटण्यानं नाही लागलं.

मग भाऊबंद बसले. निफाडची जमीन, टेम्पो, सगळं झालं, पॅकहाऊस आणि थंड खोल्या थोरल्याकडे राहिल्या. मशीनची पाळी आली तेव्हा आमच्यातले एक वयस्कर काका आत येऊन बघून गेले. बोटानं मोजलं, हे दोन, ते दोन, ते पण दोन. खूश झाले. म्हणाले, हे तर देवानंच वाटून ठेवलंय.

मी त्यांना समजावलं. म्हटलं, काका, ही जोडी वाटायची नाही. एक मेलं तर दुसऱ्यानं काम ओढावं म्हणून जोडी असते.

ते म्हणाले, "भावांचं तरी दुसरं काय असतं, ताई? तरी वाटणी होतेच ना."

कागदावर आलं, मशीन निम्मं निम्मं. थोरला म्हणाला सीझन झाल्यावर ने. धाकटा बरं म्हणाला. तिथं हे मिटलं असतं. पण थोरल्यानं बाजारात चार लोकांत म्हणून टाकलं की त्याचं निम्मं मी भंगारवाल्याला वजनावर देणार आहे, तिथून उचल म्हणावं. आमच्याकडे बाजारात बोललेलं घरी यायला चहा निवायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

आणि धाकटा ऐन सीझनमध्ये आला. ऊन असं की पत्रा हाताला भाजेल. खोल्या बागायतदारांच्या मालानं काठोकाठ भरलेल्या. धाकटा टेम्पो घेऊन आला, मागं त्याची माणसं. फाटकात त्यांना आमच्या कॉम्प्रेसरवाल्या माणसानं अडवलं. शांत माणूस, मला ताई म्हणायचा, माझ्या डब्यातली चटणी त्याला लागायची. तो एवढंच म्हणाला की धाकटे शेठ, माल भरलाय, आज नका. त्यांनी भरलेलं कॅरेट उचलून त्याच्या खांद्यावर घातलं. तो खाली पडला, द्राक्षं सगळीकडे पसरली, आणि त्याच द्राक्षांत त्याला लाथा घातल्या. मी खिडकीतून पाहिलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, हात लोंबत होता. थोरल्यानं त्याला गाडीत घालून नाशिकला दवाखान्यात पाठवलं आणि मग स्वतः पहार घेऊन अंगणात उतरला.

इथं एक गोष्ट नीट सांगते. मशीन बंद पडलं तर कॉम्प्रेसर हातानं चालवता येतात. पण ते चालवणारा आमच्याकडे एकच माणूस होता, आणि तो आता मोडक्या हाडानं हायवेला लागला होता. म्हणजे त्या दिवशी मशीन मेलं असतं तर खोल्या तापल्या असत्या, द्राक्षांना घाम आला असता, आणि घाम आलेलं द्राक्ष परत कशाच्याच कामाचं राहत नाही. ज्यांचा माल होता ते बागायतदार बातमी ऐकून फाटकाशी जमायला लागले होते. कुणाच्या हातात टेम्पोचा लोखंडी टॉमी, कुणाच्या हातात काठी. त्यांना कुठला भाऊ खरा नि कुठला खोटा याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. वर्षभराचा घाम त्या खोल्यांत होता. तो गेला असता तर माझे दोन्ही भाचे त्या अंगणातून चालत बाहेर पडले नसते, हे मी तेव्हाही ओळखलं होतं आणि आजही तसंच म्हणते.

धाकटा मशीनच्या खोलीत माझ्याकडे शिरला, आतून कडी घातली, वर लोखंडी कपाट ओढून दाराला लावलं. भुवई फुटली होती, रक्त डोळ्यात उतरत होतं. हातात पान्हा.

"आत्या, बाजूला हो. माझं निम्मं काढायचंय."

मी म्हटलं निम्मं घे, पण उपसू नकोस, मी काढून देते. तो म्हणाला मग बंद कर. मी सांगितलं, बंद केलं तर काय होईल. तो म्हणाला, "होऊ दे. त्याचं होईल, मला काय त्याचं." आणि पान्हा उगारला.

मी त्याच्या कानाखाली ठेवून दिली. डाव्या हातानं, उजव्यात जोर नाही. पन्नाशीकडे झुकलेला, दोन पोरांचा बाप, पण असा उभा राहिला जसा दात पडला तेव्हा उभा राहिला होता. मी म्हटलं, त्या कॅरेटवर बस. हात खिशात घाल. मी सांगेन तेव्हाच बाहेर काढ.

बसला. बाहेर दगड सुरू झाले होते. खिडकीची एक काच आली ती माझ्या की-बोर्डावर. मी पदरानं काचा झटकल्या आणि कामाला लागले.

आधी विजेचा डबा. एक काढला, दुसऱ्यानं भार घेतला, पंख्यांचा सूर थोडा वर गेला. तो डबा मी त्याच्या पायाशी ठेवला. मग डिस्क. सिस्टीमला सांगितलं की ही आता आपली नाही, हिच्याकडे बघू नको. तिनं मानलं, दिवा विझला, मी डिस्क ओढून त्याच्या मांडीवर दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली. मी ओरडले की हात खिशात. त्यानं डिस्कसकट एक हात खिशात घातला.

मग त्यानं विचारलं, प्रोसेसर? मी सांगितलं, झोपवते, पण आपल्या मशीनमधून तो चालू असताना निघत नाही, त्याला हात लावायचा नाही. तो म्हणाला कागदावर निम्मं लिहिलंय. मी म्हटलं, कागद लिहिणाऱ्याला बोलव आणि त्याला काढायला सांग.

मेमरीच्या बोर्डाला वेळ लागतो. मी सिस्टीमला सांगितलं, पाहुण्यांची बाजू रिकामी कर. ती तुकड्या-तुकड्यानं उचलायला लागली. तोवर दारावर पहिला घाव पडला. थोरला आला होता. पहारीचा घाव दारावर पडला की कपाट हलायचं, कपाटावरचा देवाचा फोटो हलायचा. बाहेरून तो शिव्या देत होता, त्या मी इथं लिहीत नाही. एकाच आईच्या पोटचे आहोत हे विसरूनच तसल्या शिव्या देता येतात.

"आत्या, दार उघड. तुला काही करणार नाय मी. त्याला सोडणार नाय."

मी आतून सांगितलं की थांब, मी काढून देतेय, मशीन चालू आहे. त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. घाव थांबले नाहीत.

आणि नेमकी तेव्हा सिस्टीम अडली. बोर्ड जवळजवळ रिकामा, पण थोडी जागा कुणीतरी धरून बसलेलं, सोडेना. शोधलं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा प्रोग्राम, पाहुणा म्हणून आला आणि जागा घट्ट धरून बसला. दुसऱ्या स्क्रीनवर त्याच कॅमेऱ्यांची चित्रं चालू होती. अंगणात एकमेकांना तुडवणारी माणसं, द्राक्षांचा चिखल, आमच्या दारापुढं पाठमोरा थोरला, पहार वर जाते, खाली येते. तो प्रोग्राम बंद केला तरच जागा सुटणार होती. बंद केला तर पुढं काय झालं ते कुणालाच दिसणार नव्हतं. मी फार विचार केला नाही. खोल्या थंड राहायला हव्या होत्या. कॅमेरे बंद केले. थोरल्याची पहार वर गेलेली असतानाच चित्र विझलं.

जागा सुटली. बोर्ड ज्यात बसतो त्या खाचेची वीजही मी काढली, हिरवा दिवा गेला. आता बोर्ड नुसता लोखंडासारखा, कुठल्याच कामाशी त्याचा संबंध उरला नव्हता. मी झाकण उघडलं, दांडी धरली, ओढली. हलेना. माझं मनगट.

धाकटा म्हणाला, "आत्या, तुला नाय जमणार. मी काढू का? हळू काढतो."

हळू काढतो, असं विचारून म्हणाला. त्या दिवसभरात त्या घरात दुसरं कुणी हळू हा शब्द बोललं नव्हतं. मी म्हटलं, काढ. त्यानं हात खिशातून बाहेर काढले, विजारीला पुसले, एका हातानं मशीनच्या कडेला आधार घेतला आणि दुसऱ्यानं बोर्ड अलगद, अगदी फणसाचा गरा काढावा तसा वर घेतला. बाहेर आला तो. पंख्यांचा सूर तोच राहिला. मी स्क्रीन पाहिली. थंड खोल्यांचे आकडे जागच्या जागी. मला वाटलं, झालं. सुटलो.

दार मोडलं. कपाट आडवं झालं. थोरल्याला दिसलं ते एवढंच, की उघडं मशीन, आणि त्यात धाकट्याचा हात. एकदाही न थांबता त्यानं पहार घातली.

पहार धाकट्याच्या आधाराला ठेवलेल्या हातावर आली आणि तशीच आत गेली, जिथून बोर्ड काढला होता त्या खाचेत. हाडाचा आवाज मी ओळखते. तसाच झाला. धाकटा ओरडला नाही, खाली बसला. दुसऱ्या हातातला बोर्ड मात्र त्यानं छातीशी धरून ठेवला होता, लहान पोर पाटी धरतं तसा. रक्त मशीनच्या कडेवरून आत ठिबकत होतं, त्या रिकाम्या बाजूला. मी पुढं होऊन पदर त्याखाली धरला.

मशीन चालू होतं. ज्या बाजूला घाव बसला तिथं आता काहीच नव्हतं, ना काम ना वीज. खाच तेवढी चिरडली.

थोरला म्हणाला, "उपसत होता तो."

मी म्हटलं, "मी काढत होते. काढून झालं होतं."

त्यानं पहार खाली ठेवली नाही, तीच टेकून उभा राहिला. मग स्क्रीनकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं, आणि विचारलं की खोल्या चालू हायेत का. मी म्हटलं, हायेत. तो बाहेर गेला आणि फाटकाशी जमलेल्यांना सांगितलं की तुमचा माल थंड आहे. ते आत आले, हात घालून खोल्यांची थंडी बघितली, काठ्या घेऊनच परत गेले. माल पुढं कंटेनरला लागला, एक घडही फुकट गेला नाही.

धाकट्याची दोन बोटं जुळली, पण वाकडी. नाशिकच्या दवाखान्यात मीच त्याच्याबरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं काय झालं. तो म्हणाला, दारात सापडली. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मनगट मोडलं तेव्हा माझा आवाज असाच सपाट झाला होता. मी मध्ये बोलले, म्हटलं, दारात नाही, भावानं पहार मारली. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. पोलीसही येऊन गेले, त्यांनाही मी जे पाहिलं ते सांगितलं, पण ज्याची बोटं तोच नाही म्हणतो तिथं ते काय लिहिणार. कॅमेऱ्याचं मागितलं, तर नेमके त्या वेळेला कॅमेरे बंद. मग धाकट्याच्या माणसांनी गावभर केलं की आत्यानं थोरल्याला वाचवायला कॅमेरे बंद केले. थोरल्याची माणसं म्हणाली, धाकट्याला मशीन लुटू द्यायला बंद केले. कॅमेऱ्यांनी धरून ठेवलेली जागा सुटावी म्हणून बंद केले, हे मी दोन्हीकडे सांगून पाहिलं. कोणाच्याच डोक्यात ते शिरलं नाही. सोडून दिलं.

कॉम्प्रेसरवाला बरा होऊन परत आला. त्याचा एक खांदा आता खाली झुकलेला असतो. धाकट्यानं त्याच्यापुढं जाऊन हात जोडले, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. फिरवायलाच हवं होतं.

मी अजून त्याच मागच्या खोलीत राहते. चूल अजून मांडलेली नाही. थोरला प्रत्येक सीझनच्या तोंडाशी येऊन उभा राहतो आणि मशीनकडे बघत विचारतो, आत्या, लय मंद चालतंय, त्या बाजूला दुसरा बोर्ड बसवता नाय येणार का? मी सांगते, बोर्ड कितीही मिळतील, पण खाच मोडलीय. खाच कुणी मोडली ते त्याला माहीत आहे.

धाकट्यानं हायवेला थोडं पुढं स्वतःचं पॅकहाऊस काढलं. तो बोर्ड त्यानं देवघराखालच्या कपाटात ठेवलाय. त्याच्या तिथल्या मशीनमध्ये बसत नाही, पण टाकतही नाही. हे मशीनही जुनंच आणलंय, असंच जोडीनं सगळं असलेलं. ते लावायला त्यानं मला बोलावलं. मी गेले, सगळं जोडलं, आणि पहिल्यांदा सुरू करायच्या आधी ती ओळ लिहायला बसले. ही बाजू पाहुण्यांची, इथं काही रोवायचं नाही.

तो माझ्या मागं बॅटरी धरून उभा होता, वाकड्या बोटांत. त्याला त्या ओळीचा अर्थ आता कळतो. म्हणाला, "आत्या, हे कशाला आता? इथं मी एकटाच. कोण मागणार हाय वाटणी?"

मी म्हटलं, "तुला दोन पोरं आहेत."

तो हसला नाही. बॅटरी जरा हलली, उजेड भिंतीवर गेला आणि परत माझ्या हातांवर आला.

"लिही मग," म्हणाला.